इंजिन टिकलं, चासी सडली : टोयोटा टॅकोमाचं प्रकरण

२००८ च्या सुरुवातीच्या महिन्यांत अमेरिकेतल्या जुन्या टॅकोमा पिकअपच्या मालकांना टोयोटाचं पत्र यायला लागलं. १९९५ ते २००० या सालांतल्या काही गाड्यांच्या चासीवर गंजरोधक थर पुरेसा बसलेला नसावा, असं कंपनी स्वतःच सांगत होती. गाडी डीलरकडे आणा, फुकट तपासू. चासी गंजून भोक पडलेलं निघालं तर दुरुस्त करू, आणि दुरुस्तीच्या पलीकडे गेली असेल तर गाडी आम्हीच विकत घेऊ. भाव कोणता? जुन्या गाड्यांच्या किमतीसाठी अमेरिकेत ज्याचा आधार घेतात त्या केली ब्लू बुकमध्ये ‘उत्तम अवस्थेतल्या’ गाडीची जी किंमत दिली असेल, तिच्या दीडपट. तुमच्या गाडीची सीट फाटलेली असो, दरवाजा चेपलेला असो, भाव उत्तम अवस्थेचाच.

दहा-बारा वर्षं वापरून झालेली, सांगाडा सडलेली गाडी कंपनी बाजारभावापेक्षा जास्त पैसे देऊन परत घेते, असं वाहनधंद्यात सहसा घडत नाही. रस्त्यावर अशा सुमारे ८ लाख १३ हजार टॅकोमा होत्या आणि या गाड्यांच्या चासीची हमी कंपनीने १५ वर्षांपर्यंत वाढवली, तीही मैलांची मर्यादा न घालता. पुढची दहा वर्षं हे प्रकरण वाढतच गेलं: आणखी मॉडेलं, आणखी तपासण्या, खटले, आणि शेवटी सुमारे ३४० कोटी डॉलरची तडजोड. तरीही टॅकोमा आपल्या वर्गातली सर्वाधिक खपाची पिकअप राहिली आणि जुनी टॅकोमा आजही महागच विकली जाते. चासी म्हणजे गाडीचा कणा. तोच सडलेला निघाला आणि गिऱ्हाईक तुटलं नाही, हे कसं, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

आधी गाडी

अमेरिकेतला पिकअपवाला दोन जातींचा. एक फोर्ड, शेव्हरोले, रॅम घेणारा, ज्याच्या घरात बापापासून तीच कंपनी चालत आलेली असते. दुसरा टोयोटावाला. पहिल्याची निष्ठा बरीचशी घराण्याची आणि गावाची. दुसऱ्याची निष्ठा मैलांच्या आकड्यावर उभी असते. टॅकोमाचं २.७ लिटरचं चार सिलिंडरी आणि ३.४ लिटरचं व्ही-सिक्स, ही दोन्ही इंजिनं दोन लाख मैल, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरच्या आसपास, मोठं काम न निघता जातात अशी त्यांची ख्याती. व्ही-सिक्सचा टायमिंग बेल्ट ९० हजार मैलांना बदलायचा, तेल वेळेवर टाकायचं, की झालं. २००५ मध्ये दुसरी पिढी आली, तिच्यातलं चार लिटरचं व्ही-सिक्सही तसंच निघालं. रंगारी, सुतार, शेतकरी, शिकारी, बर्फात स्की घेऊन जाणारी पोरं, सगळ्यांच्या दारात ही गाडी असायची.

टॅकोमा मुख्यतः कॅलिफोर्नियात फ्रेमाँटच्या ‘नुमी’ कारखान्यात बनायची. जनरल मोटर्स आणि टोयोटाचा हा भागीदारीतला कारखाना १९८४ मध्ये सुरू झाला, २०१० मध्ये बंद पडला आणि आता तिथे टेस्ला गाड्या बनवते. जपानी कंपनीने पिकअप अमेरिकेतच का बनवायची, याचं उत्तर कोंबडीत आहे. साठच्या दशकात युरोपने अमेरिकी कोंबडीवर जकात बसवली. बदला म्हणून १९६३ च्या डिसेंबरात अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ब्रँडी, बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के आयातकर लावला. बाकीच्या वस्तूंवरचा तो कर कालांतराने गेला, ट्रकवरचा राहिला. त्यातून पळवाट म्हणून टोयोटा काही वर्षं मागचा हौदा न लावताच गाड्या आणायची, कारण अर्धवट गाडीला कर कमी होता. हौदा कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचमध्ये बनवून बसवायचा. १९८० मध्ये ती वाटही बुजली. शेवटी संपूर्ण गाडीच तिकडे बनवायची ठरली. तिकडे बनवायची म्हणजे चासीसारखी जड वस्तू जवळच्याच पुरवठादाराकडून घ्यायची. हा पुरवठादार म्हणजे डेना, अमेरिकेतली जुनी, मोठी सुटे भाग बनवणारी कंपनी. कोंबडीवरच्या भांडणामुळे चासी सडली असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण चासी कोणाच्या कारखान्यात तयार झाली याचा धागा तिथपर्यंत जातो.

गंज कुठून आला

अमेरिकेच्या ईशान्येला आणि मोठ्या सरोवरांभोवतीच्या राज्यांत, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, व्हरमाँट, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, मिशिगनमध्ये, हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. संपूर्ण देशात वर्षाला सुमारे दोन कोटी टन मीठ असं रस्त्यावर पडतं. त्यात कोरड्या मिठाबरोबर मॅग्नेशियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइडची द्रावणंही वापरतात. ही द्रावणं लोखंडाला चिकटून बसतात आणि हवेतलं पाणी ओढून घेतात, त्यामुळे बर्फ नसलेल्या कोरड्या दिवशीही गाडीच्या पोटाखाली ओल राहते. गाडी रात्री गरम गॅरेजमध्ये उभी केली तर बरं, असं वाटतं. गंजाच्या दृष्टीने ते उलट वाईट, कारण गोठलेलं खारं पाणी तिथे वितळतं आणि ऊब मिळाली की रासायनिक क्रिया जोरात चालते.

मीठ तर सगळ्यांच्याच गाड्यांवर पडतं. मग टॅकोमाच का? चासी म्हणजे गाडीच्या लांबीचे दोन पोलादी दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. इंजिन, केबिन, हौदा, कमानपाटे (मागच्या चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), पेट्रोलची टाकी, सगळं त्यांच्यावर बोल्टने बसवलेलं असतं. पहिल्या पिढीच्या टॅकोमात या दांड्यांचा बराचसा भाग बंद पेटीसारखा होता. पाणी निघून जावं म्हणून ठेवलेल्या भोकांतून खारट चिखल आत जायचा आणि आतच बसायचा. बाहेरून पाण्याचा कितीही मारा करा, आतला चिखल निघत नाही. अशा चासीला आतून-बाहेरून नीट थर बसलेला असणं हाच एक बचाव. तो थर कमी पडला होता. परिणाम वाळवी लागलेल्या चौकटीसारखा: वरचा काळा रंग शाबूत, आत पोकळ. मेकॅनिक हातोडीने ठोकत जायचा. चांगल्या लोखंडाचा ‘ठण्’ आवाज येता येता एका जागी ‘थप्’ व्हायचा आणि तिथे स्क्रूड्रायव्हर आरपार जायचा. ही जागा बहुतेक वेळा मागच्या चाकाच्या थोडी पुढे, कमानपाट्याचं पुढचं टोक जिथे चासीला लागतं तिथे.

ॲरिझोना किंवा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मालकाला यातलं काहीच माहीत नसायचं. तीच गाडी, तोच थर, पण तिथे मीठ नाही. एकाच मॉडेलबद्दल एका देशात दोन वेगळी मतं असण्याचं कारण हेच.

दहा मिलिमीटर

कंपनीने तपासणीसाठी जो निकष लावला तो या प्रकरणाचा मला सर्वांत लक्षणीय वाटणारा भाग आहे. चासीला १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठं भोक पडलं असेल तर ती बाद. त्याहून कमी असेल तर तिच्यावर गंजरोधक लेप मारून गाडी परत. निकष सोपा, मोजता येणारा, भांडण टाळणारा. पण त्याचं गणित पाहा. ज्या मालकाने दर शरद ऋतूत स्वखर्चाने गाडीच्या पोटाला तेलाचा थर मारून घेतला, दर आठवड्याला खालून धुतली, त्याच्या चासीला भोक नाही. त्याला मिळाला एक काळा लेप आणि नमस्कार. ज्याने दहा वर्षांत एकदाही गाडीखाली वाकून पाहिलं नाही त्याला नवी चासी, नाहीतर दीडपट किमतीचा चेक. काही मालक तपासणीच्या आधी स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली शिरायचे, आणि भोक सापडलं तर आनंद व्हायचा. लेप मारलेल्या गाड्यांबद्दलही तक्रारी झाल्या: आधीच सुरू झालेल्या गंजावर लेप मारला की ओल आत कोंडते, असं गॅरेजवाले सांगत.

चासी बदलणं म्हणजे काय ते ज्याने केलेलं पाहिलं आहे त्यालाच कळतं. गाडी अक्षरशः उचलून वेगळी काढायची. केबिन सोडवा, हौदा उतरवा, इंजिन आणि गिअरबॉक्स टांगा, ब्रेकचे पाइप, पेट्रोलच्या नळ्या, वायरिंग सोडवा, मग सगळं नव्या सांगाड्यावर परत चढवा. गंजलेले बोल्ट पान्याने सुटत नाहीत, गॅसने कापावे लागतात. जो पाइप चासीवर होता म्हणून टिकला होता तो काढताना हातात तुटतो. मग काउंटरवर वाद: हा पाइप चासीच्या कामात धरायचा की मालकाच्या बिलात? शॉक ॲब्सॉर्बर? कमानपाट्याचे बुश? डीलरागणिक उत्तर वेगळं. चासींचा साठा संपला की गाडी तशीच आवारात आणि मालक महिनोन्‌महिने वाट पाहत. पुढे न्यायालयात या कामाची किंमत एका गाडीमागे १५ हजार डॉलरपर्यंत धरली गेली. बारा वर्षांच्या पिकअपवर स्वतःच्या खिशातून एवढा खर्च कोणताही शहाणा माणूस करणार नाही. तो गाडी भंगारात देईल आणि पुढची गाडी दुसऱ्या कंपनीची घेईल. टोयोटाने खर्च स्वतःवर घेतला तो याच वळणावर.

पसारा वाढतो

२००१ ते २००४ च्या टॅकोमाही याच वाटेने गेल्या. त्यांनाही चासी बदलून देण्याची वाढीव हमी मिळाली. २००९ मध्ये टॅकोमाच्या मोठ्या भावाचा, म्हणजे टोयोटाच्याच टंड्रा या मोठ्या पिकअपचा नंबर लागला. स्टेपनी जिला टांगलेली असते तो मागचा आडवा तुकडा गंजून स्टेपनी रस्त्यावर पडल्याच्या आणि मागच्या ब्रेकच्या पाइपांना धक्का पोचल्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने चौकशी सुरू केली. नोव्हेंबरात २००० ते २००३ च्या सुमारे १ लाख १० हजार टंड्रा परत बोलावल्या, त्याही फक्त वीस थंड राज्यांतल्या आणि राजधानी वॉशिंग्टनमधल्या. २०१२ मध्ये तशाच थंड राज्यांतल्या सुमारे दीड लाख टॅकोमा स्टेपनीच्याच कारणाने बोलावल्या. शब्दांकडे लक्ष ठेवायला हवं: स्टेपनीसाठी झालं ते कायद्यातलं ‘रिकॉल’, म्हणजे सुरक्षेसाठी गाड्या परत बोलावणं होतं, चासीसाठी चाललेलं सगळं ‘ग्राहक सहाय्य कार्यक्रम’ या नावाखाली, कंपनीच्या अटींवर आणि कंपनीने आखलेल्या मुदतीत.

मुदतीच्या बाहेर राहिलेले आणि २००५ नंतरच्या गाड्यांचे मालक २०१४ मध्ये आर्कान्सासमध्ये आणि त्यानंतर कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०१६ मध्ये तडजोड बाहेर आली. तिच्यात २००५ ते २०१० च्या टॅकोमा, २००७-०८ च्या टंड्रा आणि २००५ ते २००८ च्या सिक्वोया (टोयोटाचीच मोठी एसयूव्ही) अशा मिळून सुमारे १५ लाख गाड्या होत्या. पहिल्या विक्रीपासून बारा वर्षं फुकट तपासणी, निकषात बसली तर नवी चासी. ज्यांची बारा वर्षं उलटून गेली होती त्यांना अंतिम मंजुरीनंतर एक वर्ष. आणि ज्यांनी आधीच खिशातून खर्च केला होता त्यांना भरपाई. २०१७ मध्ये न्यायालयाने मंजुरी दिली. टोयोटाने दोष कबूल केला नाही, अशा तडजोडीत तो कोणी करतही नाही.

३४० कोटींचा आकडा बातम्यांत सगळीकडे छापून आला, पण तो कोणी चेक लिहून दिलेला आकडा नव्हे. तपासणीचे गाडीमागे ६० डॉलर धरले की १५ लाख गाड्यांचे ९ कोटी होतात. चासींसाठी धरलेली रक्कम ३३७.५ कोटी, तिला १५ हजारांनी भागलं तर सव्वादोन लाख चासी निघतात, म्हणजे शंभरातल्या पंधरा गाड्या सडतील असा अंदाज. आणि १५ हजार हा बाहेरच्या गिऱ्हाइकाला पडणारा भाव. कंपनीला स्वतःची चासी स्वतःच्या डीलरकडून बसवायला खर्च त्याहून बराच कमी येतो. वकिलांची फी मात्र ९७.५ लाख डॉलरपर्यंत रोख होती.

आणि डेना? ती २००६ मध्ये दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली, २००८ मध्ये बाहेर आली, आणि चासी बनवण्याचा जवळजवळ सगळा विभागच मेक्सिकोच्या मेटाल्सा कंपनीला विकून मोकळी झाली. २०११ मध्ये तिने टोयोटाला अडीच कोटी डॉलर दिले आणि प्रकरण मिटवलं. हे अडीच कोटी ३४० कोटींच्या एक टक्क्याहूनही कमी भरतात. चासी डेनाची असली तरी गाडीवर नाव टोयोटाचं होतं, आणि मालकाचं भांडण नावाशी असतं.

निष्ठा टिकली ती कशामुळे

तडजोड झाली त्या २०१६ मध्ये अमेरिकेत १ लाख ९१ हजारांहून जास्त टॅकोमा विकल्या गेल्या. २०१८ मध्ये २ लाख ४५ हजारांहून जास्त. याच काळात शेव्हरोलेची नवी कोलोरॅडो पिकअप बाजारात होती, पण टॅकोमाचा पहिला नंबर गेला नाही.

सरळ स्पष्टीकरण असं दिलं जातं की टोयोटाने चूक मान्य करून पैसे मोजले, म्हणून लोक राहिले. ते अर्धंच खरं आहे. त्याआधीची एक गोष्ट जास्त महत्त्वाची: ही चासी सडलेली दिसायला गाडी दहा-बारा वर्षं धावती असावी लागते. दीड लाख मैलांना इंजिन बसलं असतं तर गाडी भंगारात गेली असती आणि चासीचा प्रश्न कोणाच्या डोक्यात आलाच नसता. मिठाच्या पट्ट्यातल्या इतर कंपन्यांच्या जुन्या पिकअपही गंजायच्या. पण त्यांचं इंजिन, गिअरबॉक्स, चासी साधारण बरोबरीने थकायचं, म्हणून ‘गाडीचं आयुष्य संपलं’ एवढंच म्हणून मालक पुढे जायचा. टॅकोमावाल्याचा राग निराळा होता. इंजिन अजून नव्यासारखं चालतंय आणि खालचा सांगाडा सडला, ही तक्रार करताना तो गाडीचं कौतुकच करत होता. अशा माणसाला नवी चासी दिली की त्याच्या हातात पुन्हा दहा वर्षांची गाडी येते, आणि ती घेऊन तो शेजाऱ्यांना सांगत सुटतो. त्या चासीचा खर्च कंपनीने जाहिरातीच्या खात्यात टाकला असता तरी वाया गेला नसता.

दीडपट किमतीचा चेकही तसाच. ज्याला तो मिळाला तो माणूस डीलरच्या दारातच उभा होता, पायी. घरी जायला गाडी हवी. समोर नव्या टॅकोमांची रांग. अशा चेकमधला किती पैसा त्याच आवारात परत गेला असेल याचा अंदाज करायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

पण या निष्ठेला एक काळी बाजू आहे आणि ती कौतुकाच्या गोष्टींत येत नाही. नवी गाडी घेणारा पहिला मालक साधारण पाच-सात वर्षांनी ती विकतो. बारा वर्षांची मुदत संपायच्या सुमारास ती दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे असते. कंपनीचं पत्र जुन्या पत्त्यावर जातं. तिसरा मालक बहुधा तो, ज्याला नवी पिकअप परवडत नाही: गवत कापणारा, छप्पर दुरुस्त करणारा, हातावर पोट असलेला. टोयोटा कधी बिघडत नाही या ख्यातीमुळेच त्याने जुन्या गाडीला जास्त पैसे मोजलेले असतात. अकरा वर्षं अकरा महिने झालेल्या गाडीला फुकट चासी आणि बारा वर्षं दोन महिने झालेल्या गाडीला काहीच नाही, हा फरक त्याच्या वाट्याला येतो. बाजारातला चढा रीसेल भाव पहिल्या मालकाला बक्षीस वाटतो. शेवटच्या मालकाच्या हिशेबात तोच भाव दंडासारखा पडतो.

टॅकोमा निर्दोष होती म्हणून लोक राहिले, असंही नाही. २००५ मध्ये पुढच्या चाकांच्या खालच्या बॉल जॉइंटसाठी टॅकोमासकट सुमारे पावणेआठ लाख टोयोटा गाड्या बोलावल्या गेल्या. २०१४ मध्ये मागचे कमानपाटे तुटू शकतात म्हणून २००५ ते २०११ च्या सुमारे ६ लाख ९० हजार टॅकोमा. एवढं सगळं ज्या गाडीबाबत झालं तिला ‘कधीच बिघडत नाही’ असं म्हणायचं तर त्या वाक्याचा अर्थ ‘कधीच रस्त्यात सोडून देत नाही’ असा घ्यावा लागतो. पिकअपवर पोट असलेल्या माणसाला हाच अर्थ पुरतो. त्याच्या लेखी बिघाड म्हणजे बुडालेला रोज. पत्र पाठवून, तारीख देऊन केलेली दुरुस्ती तो बिघाडात धरत नाही.

आपल्याकडे टोयोटाचं नाव झालं ते क्वालिसमुळे. २००० मध्ये आली, २००५ मध्ये इनोव्हासाठी बंद केली, तेव्हा टुरिस्टवाले हळहळले. तीही चासीवरचीच गाडी. तिची ख्याती ज्यांनी केली ते ड्रायव्हर दिखाव्याला भुलणारे नव्हते, महिन्याचा हप्ता आणि गॅरेजचं बिल यांच्यामध्ये जे उरतं त्यावर ते गाडी जोखायचे. पिकअप मात्र टोयोटाने इथे २०२२ मध्ये आणली, हायलक्स, ३४ लाखांच्या घरात. त्या पैशात तालुक्याच्या बाजार समितीत कांदा नेणारा माणूस महिंद्राच्या तीन पिकअप उभ्या करेल. त्यामुळे टॅकोमासारखी कसोटी इथे टोयोटाची लागलेलीच नाही. कोकणपट्टीत गाडी गंजते ती खाऱ्या वाऱ्याने आणि चार महिन्यांच्या पावसाने, रस्त्यावरच्या मिठाने नाही. पण पत्र्याच्या आत साचलेला चिखल काढल्याशिवाय वरून मारलेला रंग फुकट, हे रत्नागिरीतला डेंटिंगवालाही तुम्हाला सांगेल.

पुन्हा परीक्षा

२०२२ च्या मॉडेलपासून टंड्रातलं ५.७ लिटरचं जुनं व्ही-एट इंजिन गेलं आणि दोन टर्बो लावलेलं ३.४ लिटरचं व्ही-सिक्स आलं. मे २०२४ मध्ये त्यातल्या, आणि त्याच इंजिनाच्या लेक्ससच्या (टोयोटाचाच महागडा ब्रँड), मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या. कारखान्यात इंजिनाचे भाग कातताना राहिलेला धातूचा कीस आतच राहून गेला होता. तो मुख्य बेअरिंगमध्ये गेला की इंजिन ठोकायला लागतं आणि चालता चालता बंद पडू शकतं. कंपनीने संपूर्ण इंजिनं बदलून देण्याचं ठरवलं. २०२५ च्या नोव्हेंबरात आणखी सुमारे १ लाख २७ हजार गाड्या त्याच कारणाने यादीत आल्या.

वरवर पाहता जुनीच गोष्ट, खर्च कंपनीचाच. फरक आहे तो वेळेचा आणि जागेचा. चासीच्या वेळी गाडीने आधी दहा वर्षं इमानाने काम केलेलं होतं. ती पुंजी मालकाच्या मनात जमा होती आणि कंपनीने तिच्यावर उचल घेतली. इथे गाडी दोन-तीन वर्षांची, हप्ते चालू, आणि गेलंय ते इंजिन, ज्याच्या जोरावर सगळं नाव उभं राहिलं. म्हणून टंड्रावाल्यांतले काही जण आता जुनी व्ही-एटची गाडी शोधतात. ते अजून टोयोटावालेच आहेत, फक्त आजच्या टोयोटाचे नाहीत. शोरूमच्या दृष्टीने हे गिऱ्हाईक गेल्यातच जमा, कारण जुन्या गाडीतून कंपनीला सुटे भाग सोडले तर काही मिळत नाही.

आज २००५ ते २०१० ची टॅकोमा घेणाऱ्याला चासीसाठी कोणाकडूनही काही मिळणार नाही. सगळ्या मुदती संपल्या. तरी या गाड्या विकल्या जातात आणि अमेरिकेच्या ईशान्येत किंवा मिशिगनमध्ये राहणारे मराठी लोकही मुलाच्या पहिल्या गाडीसाठी किंवा घरकामासाठी त्या पाहतात. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात दरवर्षी सुरक्षा तपासणी असते, सडलेली चासी तिथे नापास होते. मिशिगन आणि ओहायोत अशी वार्षिक तपासणी नाही, त्यामुळे नापास होण्यासारखी गाडीही तिथे रस्त्यावर असू शकते. विकणारा ‘दक्षिणेची गाडी’ म्हणत असेल तर तिचा नोंदणीचा इतिहास मागवून घ्यावा. आधीची राज्यं त्यात दिसतात. चासी बदललेली असेल तर डीलरच्या कामाची नोंद असते, ती मागावी, आणि अशी गाडी मिळाली तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. गाडीच्या पोटाला ताजा, चकचकीत काळा रंग मारलेला असेल तर तो पाहून खूश होऊ नये. मागच्या चाकापुढे, कमानपाट्याच्या टोकाशी, दांड्याच्या खालच्या आणि आतल्या बाजूला हातोडीने ठोकत जावं. विकणारा ठोकू देत नसेल तर सौदा तिथेच थांबवावा. आणि कोणी भोकावर पट्टी वेल्ड करून ‘आता पक्की झाली’ म्हणत असेल, तर पट्टीच्या कडेपासून बोटभर अंतरावरचं लोखंड किती जाड उरलंय ते आधी पाहावं, कारण पुढची भेग तिथूनच जाते.